मागच्या दांड्याची ओटी

आमच्या घरात एक चेष्टा फार वर्षं चालत आली होती. पालखी दारात आली की विमलची पाळी आली. माझी नणंद विमल दर शिमग्याला मिरजोळ्याहून गावी यायची, पुरणपोळ्या लाटायची, घरापुढचं खळं सारवायची, रांगोळी घालायची, आणि देवीची पालखी आमच्या वाडीत शिरल्याचा ढोल ऐकू आला की हात धुऊन मागीलदारच्या खोलीत जाऊन बसायची. "वैनी, माझं आज चालत नाय," एवढंच सांगायची. मी म्हणायचे, काय गो, तुझी पाळी गावकीला विचारून येते काय? ती हसायची. मीही हसायचे. मला वाटायचं, पालखीबरोबर येणाऱ्या सगळ्या गावाला चहा द्यायच्या कामातून ही बरी सुटका करून घेते. त्यात मला काही वाईट दिसत नव्हतं, जमलं असतं तर मीही तेच केलं असतं.

ही गोष्ट तिला विचारूनच सांगतेय. ती म्हणाली, सांग, पण मला उगाच गरीब गाय करून टाकू नकोस. म्हणून ती गरीब गाय नाही हे आधीच सांगते. विमल एसटीच्या कंडक्टरशी भांडते, रेशनच्या दुकानात भांडते, आणि सोसायटीच्या पाण्यावरून तर तिने एका चेअरमनला राजीनामा द्यायला लावलाय. दोनेक वर्षांमागे तिच्या बिल्डिंगमधली एक मुलगी जिथे पॅकिंगला जायची, तिथल्या सुपरवायझरने त्या मुलीवर हात टाकला. मुलीचे आईबाप गप्प बसायच्या विचारात होते. विमलने त्या मुलीला रिक्षात घातलं, पोलीस ठाण्यात नेलं आणि तक्रार पुरी लिहून होईपर्यंत बाकावरून हलली नाही. मुलीची आई म्हणाली, लोक काय म्हणतील? विमल म्हणाली, लोकांना माझ्याकडे पाठवा.

मी राजश्री, तिच्या भावाची बायको. वयाने तिच्याहून वर्षभर लहान, पण नात्याने वैनी, त्यामुळे तिला दटावायचा हक्क मी पहिल्या दिवसापासून बजावलाय. माझं माहेर मालगुंडचं. समुद्राच्या गाजेवर आवाज चढवून बोलायची लहानपणापासूनची सवय, ती हातखंब्याच्या आतल्या या डोंगरातल्या गावात येऊनही गेली नाही. आमचे हे, म्हणजे रघू, फार कमी बोलायचे. मी बोलायचे आणि ते मान हलवायचे, असा आमचा संसार झाला. दीड वर्षापूर्वी ते गेले. मागच्या शिमग्याला वर्ष पुरं झालेलं नव्हतं, म्हणून पालखी आमच्याकडे आली नाही. यंदा यायची होती.

आणि त्याच्या दोन दिवस आधी महिपतकाका पडवीत येऊन बसले. गावाच्या वतीने पालखीपुढे गाऱ्हाणं घालायचा मान त्यांच्या घराकडे आहे. पालखी कुठल्या घरी जाईल, कशी जाईल, हे तेच ठरवतात. पाणी प्यायले, काजूला मोहर कसा धरलाय ते बोलले, काठी या हातातून त्या हातात घेतली आणि शेवटी म्हणाले की ओटी सवाष्णीनेच भरायला हवी. घरात विमल असेल तर पालखी खळ्यात आणू. नसेल तर वाटेवरूनच नारळ घेऊ आणि पुढे जाऊ.

मी त्यांना विचारलं की रघू गेले म्हणून माझ्या हातांना काय झालं. याच हातांनी मी इतकी वर्षं ओटी भरली, तेव्हा देवी काय रघूंकडे बघून ती घेत होती?  काका माणूस चांगला आहे. अडल्यानडल्याला पहिला धावतो, पण रीत म्हटली की त्यांचं डोकं चालायचं थांबतं. मी आणखी पुष्कळ बोलले असते, पण मला पालखी खळ्यात हवी होती. रघू आयुष्यभर त्या पालखीच्या मागच्या दांड्याला होते. तो मान आमच्या घराचा. पुढच्या दांड्याचा मान भावकीतल्या शिवाच्या घराचा. ते गेल्यावर पहिल्यांदाच देवी यायची आणि ती वाटेवरूनच निघून गेली असती, तर हे घर खरंच बंद पडलं असं मला वाटलं असतं. तेजस्वी, आमची एकुलती एक, पुण्याला नोकरी करते आणि लग्नाचा विषय काढला की फोन ठेवते. राहिली विमल. मी काकांना म्हटलं, विमल भरेल.

पालखी यायच्या आदल्या दुपारी आम्ही दोघी मागच्या पडवीत ओले काजू फोडायला बसलो होतो. काजूच्या चिकाने हाताची सालं निघतात, म्हणून दोघींनी हाताला खोबरेल चोपडलं होतं. मी तिला सहज सांगितलं, उद्या तू ओटी भरायचीस.

"माझं चालणार नाय, वैनी."

मला हसूच आलं. गणपतीत तिनेच मला सांगितलं होतं की पाळी जाऊन वर्ष होत आलं, आता रात्री घाम फुटतो तेवढाच. मी तिला त्याची आठवण करून दिली. म्हटलं, आता तरी नवीन कारण शोध, बाई. कंबर धरली म्हण, ताप आलाय म्हण. निदान ऐकायला तरी नवीन वाटेल.

ती हसली नाही. हातातला काजू तिने फोडला, गर काढला, ताटात टाकला, आणि दुसरा घेतलाच नाही.

"पाळीचं कधीच नव्हतं ते," ती म्हणाली. "मी बाटलेय, वैनी. देवीसमोर कशी येऊ?"

मग तिने सांगितलं. माझं लग्न व्हायच्या वर्षीचा शिमगा. म्हणजे मी या घरात यायच्या आधीची गोष्ट. आईवडील आणि रघू देवळात गावकीच्या बैठकीला गेले होते. शिवा निशाणाची काठी न्यायला आला. ती आमच्या माळ्यावर असायची. शिवा भावकीतला, तिने लहानपणापासून दादा म्हटलेला. तिने कडी काढली. चहा विचारला. यंदा सोंगं कोण घेणार यावरून काहीतरी थट्टा झाली, ती हसली. मग त्याने आतून कडी लावली. पुढचं तिने काजूच्या टोपलीकडे बघत थोडक्यात सांगितलं, आणि ते मी इथे सांगणार नाही. एवढंच सांगते की ती नको म्हणाली होती, पुन्हा पुन्हा म्हणाली होती, आणि त्याला ते ऐकू गेलं होतं.

मी उठले. कोयती कुठे ठेवलीय ते आठवायला लागले. खरंच सांगते, त्या क्षणी मला त्याच्या घरी जायचं होतं. विमलने माझं लुगडं धरलं आणि खाली बसवलं. म्हणाली, वैनी, तू समजतेस तसं ते नव्हतं. माझीच चूक झाली.

आणि मग ही बाई, जी अख्ख्या सोसायटीला पुरून उरते, मला समजावून सांगायला लागली की तिची चूक कशी. कडी तिने स्वतः काढली. चहा तिने विचारला. ती हसली. ती ओरडली नाही. ओरडली असती तर खालच्या घरातून कोणी ना कोणी आलं असतं. कपडे फाटले नाहीत. तो परका नव्हता. पेपरात येतं, टीव्हीवर दाखवतात, ते असं नसतं. ते अंधारात होतं, अनोळखी माणूस करतो, बाई बेशुद्ध पडते. तिने तर सगळं झाल्यावर कपबशी विसळून पालथी घातली होती. ती कपबशी तिला अजून आठवत होती. जिच्यावर खरंच तसं काही झालं ती बाई कपबशी विसळत बसेल काय, असं तिने मला विचारलं.

मी तिला विचारलं, आणि ती तुझी बिल्डिंगमधली पोरगी?

"तिचं वेगळं. तिने कडी काढली नव्हती."

मी म्हटलं, ती कामावर आपल्या पायाने गेली होती ना? सुपरवायझरला रोज नमस्कार करत होती ना? हसली असेल कधीतरी. तिला तू असं विचारलंस?  विमलने स्वतःला कधी त्या बाकावर बसवूनच बघितलं नव्हतं. दुसरीसाठी ती पोलिसांशी भांडली, आणि स्वतःसाठी तिच्याकडे एवढाच निकाल होता की तू कडी काढलीस. हा निकाल तिचा एकटीचा नव्हे. पाणवठ्यावर, लग्नाच्या मांडवात, मुलींना वळण लावताना आपण सगळे जे बोलत आलो ते तिने कान देऊन ऐकलं होतं आणि खरं मानलं होतं.

मी विचारलं, रघूंना का नाही सांगितलंस.  ती म्हणाली की रघूदादाने शिवाला जिवंत सोडला नसता याची भीती वाटली. आणि दादाने काहीच केलं नसतं तर, याची त्याहून जास्त वाटली. आमचे हे इतकी वर्षं मागचा दांडा धरून त्याच माणसाबरोबर पालखी नाचवत होते, आणि त्यांना यातलं काही ठाऊक नव्हतं. ते आता नाहीत याबद्दल मी तेव्हा पहिल्यांदाच देवाचे आभार मानले, आणि लगेच रडूही आलं.

फक्त आईंना कळलं होतं. आई म्हणजे आमच्या सासूबाई. देवळातून परत आल्या, लेकीकडे बघितलं आणि एकच विचारलं, कोण? विमलने नाव सांगितलं. आईंनी पाणी तापवलं, तिला स्वतःच्या हाताने न्हाऊ घातलं, मागीलदारच्या खोलीत अंथरूण घातलं आणि घरात सांगितलं की विमल बाजूला बसलीय. तेव्हा बाजूला बसलेल्या बाईकडे कोणी फिरकत नसे. का रडते, का जेवत नाही, कोणी विचारत नसे. मग पालखी आमच्याकडे यायचा दिवस आला. आई खोलीच्या दारात येऊन म्हणाल्या, तू समोर येऊ नको, मी सांगेपर्यंत इथेच बस.

"आणि तिने सांगितलंच नाय गो," विमल म्हणाली. "पुढच्या शिमग्याला मी वाट बघितली. त्याच्या पुढच्या पण बघितली. मग माझं लग्न झालं. मग ती गेली. तिला पण वाटत असणार ना मी बाटले, नायतर एकदा तरी बोलली असती."

  दुसऱ्या दिवशी तो माणूस माझ्या खळ्यात उभा राहणार, पुढचा दांडा खांद्यावर घेऊन, हे डोक्यात फिरत होतं. काहीतरी बोलायचं म्हणून मी म्हटलं, एक बरंय, आपल्या घरची ओटी मागच्या दांड्याकडून असते, त्याच्या तोंडासमोर जावं तरी लागत नाही.

विमलने माझ्याकडे बघितलं. "मागच्या? कधीपासून?"

मी म्हटलं, कधीपासून म्हणजे काय? आपल्या घरची रीतच ती. मी आले तेव्हापासून तशीच.

"नाय, वैनी. आई पुढून भरायची. सगळ्या गावासारखी. तबक मी धरायचे. आधी शिवाचा बाप असायचा पुढच्या दांड्याला, मग तो लागला. आई त्याच्यासमोर उभी राहून भरायची, मी बाजूला."

 तिने इतक्या वर्षांत आमच्या घरची ओटी एकदाही बघितलेली नव्हती. ती खोलीत असायची. आणि मी त्या आधीची बघितलेली नव्हती.

मला माझा पहिला शिमगा आठवला. आमच्या गावात पालखी घरात टेकवत नाहीत. ती खांद्यावरच असते, पुढचा माणूस गुडघा वाकवून दांडा खाली घेतो आणि बाई त्याच्यासमोर उभी राहून देवीची ओटी भरते. शिवाने तसाच गुडघा वाकवला होता. मी नवी नवरी, तबक घेऊन पुढे झाले, तर आईंनी माझं कोपर धरलं आणि मला फिरवून मागे नेलं. त्याच्या अंगावरून गेल्या, पण तिथे एखादा खांब असावा तशा. मागच्या दांड्याकडे उभं राहून हात लांब करून त्यांनी ओटी भरली. बायका कुजबुजल्या. कोणीतरी विचारलंसुद्धा. आई म्हणाल्या, आमच्या घरची रीत हाय. त्यांचा आवाज असा होता की पुन्हा कोणी विचारलं नाही. मागच्या दांड्याला रघू असायचे, म्हणून मी समजले की आईंना लेकाच्या बाजूने ओटी द्यायला आवडतं. आई गेल्यावर मीही तशीच भरत राहिले. पलीकडच्या वाडीतल्या एका घराने तर आमचं बघून मागून ओटी भरायला सुरुवात केली, त्यात काही जास्त पुण्य असेल म्हणून.

रीत कसली आणि काय कसली. तो आईंचा राग होता. कोणाला सांगता येईना, लेकीचं नाव वाऱ्यावर जाईल, नवऱ्याचा आणि मुलाचा भरवसा नाही, गावकी त्याच्या बाजूची. मग त्या बाईने दरवर्षी सगळ्या गावासमोर त्या माणसाला पाठ दाखवली आणि त्याला रीत असं नाव दिलं. आणि मरेपर्यंत पाळली. मी त्यांना मनातल्या मनात नमस्कार केला आणि त्याच दमात भांडलेही. आई, त्याला पाठ दाखवलीत ते ठीक, पण पोरीला दोन शब्द सांगायला काय झालं होतं तुम्हाला? ती तुमच्या हाकेची वाट बघत त्या खोलीत म्हातारी होत आली.

विमलला माझ्या तोंडून ऐकावं लागलं नाही. तिचं तिलाच कळत होतं. तिच्या चेहऱ्यावर ते हळूहळू उतरताना मी बघितलं.

"म्हणजे तिने मला त्याच्यापासून लपवलं होतं," ती म्हणाली. "देवीपासून नाय."

मग ती रडली. मी तिला जवळ घेतलं, तर दोघींचे हात तेलाचे आणि चिकाचे, डोळे पुसायची सोय नाही. मी माझ्या पदराने तिचं नाक पुसलं, ती म्हणाली, शी, आणि रडता रडता हसली. मी तिला सांगितलं की तू बाटलेली नाहीस, कधीच नव्हतीस. कडी काढणं, चहा देणं, हसणं हे माणसाने माणसाशी वागणं झालं. जे केलं ते त्याने केलं. तो देवीला खांद्यावर घेऊन गावभर नाचतो आणि तू माझ्या मोरीशेजारी तोंड लपवून बसतेस, हे उलटं आहे, आणि हे उलटं आहे हे सांगायला आपल्याला इतकी वर्षं लागली याची मला लाज वाटते.

आणखी एक सांगितलं. म्हटलं, पालखी वाटेवरून जाऊ दे. मला नको ती खळ्यात. तुला त्या माणसासमोर उभं करून मला कसलाही मान नको. रघू असते तर त्यांनीही हेच म्हटलं असतं, अर्थात मान हलवून. आणि तुझ्या मनात असेल तर आपण उद्याच रत्नागिरीला ठाण्यात जाऊ, मी बाकावर बसेन.

ती म्हणाली, ठाण्यात जायचं की नाय ते माझं मी ठरवीन. आधी मला त्या खोलीतून बाहेर तर येऊ दे. एवढं बोलून तिने टोपली पुढे ओढली आणि राहिलेले काजू फोडायला घेतले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती न्हाऊन आली, माझं कपाट उघडलं आणि ओटीसाठी घेतलेला खण बाहेर काढला. हा रंग तुझी निवड ना, वैनी, देवीला जरा बरा तरी घ्यायचा, असं म्हणाली.  तिने तांदूळ निवडले, नारळ सोलून शेंडी ठेवली, हळदकुंकू भरलं. मग तबक माझ्या हातात दिलं आणि म्हणाली, हे तू धरायचंस. विधवेने धरू नये वगैरे कोणी बोललं तर त्याला माझ्याकडे पाठव.

दुपारी ढोल ऐकू आला. मी मुद्दाम मागीलदारच्या खोलीकडे बघितलं नाही. विमल खळ्याच्या मधोमध उभी होती. तळहात साडीला पुसत होती, सारखे पुसत होती. तिचे यजमान, आमचे भावोजी, कारखान्यातून रजा काढून आले होते. ते कौतुकाने मला म्हणाले, आज हिचं चालतं वाटतं. मी म्हटलं, हो, आजपासून चालतं.

पालखी आली. चांगली नाचवली त्यांनी. खळं माणसांनी भरलं. बायका कडेच्या दगडी गडग्याला टेकून उभ्या राहिल्या. ढोल थांबले आणि शिवाने पुढचा दांडा खाली घ्यायला गुडघा वाकवला. साठीचा झालाय, केस काळे करतो, गावात मान आहे. तो आमच्याकडे बघतही नव्हता. आमची ओटी मागून असते हे त्यालाही सवयीने ठाऊक होतं. महिपतकाका मला हळूच म्हणाले, मागं नेवा तिला. विमल पुढे गेली आणि त्याच्या समोर उभी राहिली.

"विमल, तुमच्या घरची ओटी मागनं असते," काका म्हणाले.

"आईची मागून होती, काका. माझी पुढून." मग ती त्याच्याकडे वळली. "शिवा, खांदा काढ."

आयुष्यात पहिल्यांदा तिने त्याला दादा म्हटलं नाही. तो हसला, आजूबाजूला बघितलं, काकांना म्हणाला, काय बोलते ही, शिमग्याची भांग घेतली काय?

"तू खांद्यावर असताना मी ओटी भरणार नाय," विमल म्हणाली. तिचा आवाज मोठा नव्हता, पण खळ्यात दुसरा आवाजच नव्हता. "का, ते तू सांगतोस की मी सांगू?"

मी तबक धरून तिच्या बाजूला उभी होते.  शिवाने काकांकडे बघितलं, मग पुरुषांकडे, मग गडग्याकडच्या बायकांकडे. बायका खाली बघत नव्हत्या. त्यातल्या दोघी गडगा सोडून आमच्या बाजूला येऊन उभ्या राहिल्या. का, ते मी त्यांना विचारलं नाही आणि कधी विचारणारही नाही. भावोजींचा चेहरा उतरला होता. ते विमलकडे बघत होते, आणि हळूहळू चालत तिच्या मागे येऊन थांबले.

 शिवाने दांड्याखालून खांदा काढला. पालखी त्या बाजूला कलली. मागचा माणूस ओरडला, कोणीतरी धरा.

आणि महिपतकाकांनी, ज्यांना काठीशिवाय अंगणही ओलांडवत नाही, आपली काठी माझ्या काखेत दिली आणि तो दांडा खांद्यावर घेतला. काकांना किती कळलं ते मला ठाऊक नाही. पण आईंना मागे जाताना त्यांनी वर्षानुवर्षं बघितलं होतं, आणि रीत कुठून सुरू होते हे गावात त्यांच्याइतकं कोणाला माहीत असणार? "भर, बाय," ते म्हणाले. "लवकर भर, माझ्यात जोर न्हाय."

शिवा गर्दीतून वाट काढत खळ्याबाहेर गेला. कोणी त्याला थांबवलं नाही, त्याच्या मागेही कोणी गेलं नाही. विमलने त्याच्याकडे वळून बघितलं नाही. तिने देवीला हळदकुंकू लावलं, खण ठेवला, नारळ ठेवला, ओंजळभर तांदूळ घातले. त्यातले अर्धे काकांच्या टोपीवर सांडले. ती देवीकडे बघत राहिली. एखादी लेक खूप वर्षांनी माहेरी आल्यावर आईकडे बघते तशी बघत राहिली. मला रडू आवरेना, आणि हातात तबक.

मग गाऱ्हाणं. काकांनी ते दांड्याखालूनच घातलं, धापा टाकत. हे आई, ही तुझी रयत, हे तुझ्या रघूचा घर, त्येच्या माघारी आज पयल्यांदा तुझा पाय लागलाय. पुरुषांनी साथ दिली, व्हय महाराजा. घराला सुख दे, पोरीबाळींना राख. व्हय महाराजा. मग काका सवयीने पुढे म्हणाले, "आज या घरची लेक तुझ्या समोर उबी हाय, तिच्या हातून काय चुकला माकला आसंल तर..."

"काका," विमल म्हणाली. "माझ्या हातून काय चुकलेलं नाय. तेवढं सोडून बोला."

काका थांबले. गाऱ्हाणं मध्ये थांबलेलं मी कधी ऐकलं नव्हतं. त्यांच्या कपाळावरून घाम गळत होता, टोपीवर तांदूळ होते. त्यांनी एकदा तिच्याकडे बघितलं, एकदा देवीकडे.

"आई," ते म्हणाले, "या लेकीच्या हातून काय चुकलेला न्हाय. ज्येच्या हातून चुकला, त्येचा तू बघ."

 मग मी म्हटलं, व्हय महाराजा. बायकांनी गाऱ्हाण्याला साथ द्यायची नसते, तिथे मालगुंडच्या माझ्या आवाजात म्हटलं. मग भावोजी म्हणाले, मग गडग्याकडच्या बायका, आणि मग सगळं खळं म्हणालं.